स्तनाच्या कर्करोगाच्या उपचारांत पतीची सोबत: नंदुरबार जिल्ह्यातील कुटुंबांसाठी मार्गदर्शन

स्तनाच्या कर्करोगाचे निदान झालेल्या स्त्रियांचे पती जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते बहुधा औषधांविषयी नसतात. उपचारासाठी कोठे जावे, पैसा कसा उभा करावा, शेत आणि मुले कोणावर सोपवावीत आणि घरात नेमके काय बोलावे, यांविषयी ते असतात. शहादा, तळोदा, नवापूर, नंदुरबार, अक्कलकुवा आणि अक्राणी या सहा तालुक्यांत या प्रश्नांना वेगळे वजन आहे. सातपुड्यातील पाड्यांवरून तालुक्याच्या गावी पोहोचण्यातच अर्धा दिवस जातो, पावसाळ्यात घाटरस्ते बंद पडतात, आणि दिवाळीनंतर अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत उतरतात. स्तनाच्या कर्करोगाचे उपचार मात्र आठ-दहा महिने, काही प्रकारांत दीड वर्षापर्यंत, ठरलेल्या तारखांना बांधलेले असतात आणि तारखा चुकत गेल्या की त्यांचा परिणाम घटतो. पतीने धीर द्यावाच. परंतु त्याचे पहिले काम उपचार मध्येच तुटू न देणे हे आहे, आणि पुढील सर्व सूचना त्याच कामाच्या आहेत.

निदानाचे पहिले पंधरा दिवस

स्तनात गाठ लागते, त्वचा संत्र्याच्या सालीसारखी खरबरीत होते, बोंड आत ओढले जाते किंवा त्यातून रक्तमिश्रित स्राव येतो, तेव्हा तीन तपासण्या आवश्यक ठरतात: डॉक्टरांनी हाताने केलेली तपासणी, मॅमोग्राफी म्हणजे स्तनाचा विशेष एक्स-रे (तरुण स्त्रियांत सोनोग्राफी), आणि जाड सुईने गाठीचा लहान तुकडा काढून केलेली बायोप्सी. सुई लावल्याने गाठ ‘चिडते’ आणि कर्करोग पसरतो, ही समजूत जिल्ह्यात खोलवर रुजलेली असली, तरी तिला आधार नाही. खरा धोका उलट दिशेला आहे. तुकड्याची तपासणी न करता ‘आधी गाठ काढून टाकू’ असा सल्ला कोणी दिला, तर तो घाईने स्वीकारू नये, कारण अपुऱ्या शस्त्रक्रियेनंतर पुढील उपचारांची आखणी अवघड होते आणि पुष्कळदा दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते.

बायोप्सीच्या अहवालात ईआर, पीआर आणि हर-टू ही तीन नावे शोधावीत. पहिली दोन गाठ संप्रेरकांवर, म्हणजे शरीरातील हार्मोनवर, वाढते काय हे सांगतात, तर तिसरे एका विशिष्ट प्रथिनाचे प्रमाण दाखवते. गोळ्या पाच वर्षे घ्याव्या लागतील की वर्षभर वेगळे इंजेक्शन लागेल, हे यांवरून ठरते. म्हणून हे निकाल हाती नसताना उपचारांविषयी अंतिम निर्णय घेऊ नये.

या जिल्ह्यासाठी एक बाब स्वतंत्रपणे सांगणे अत्यावश्यक आहे. भिल्ल, पावरा, कोकणा, मावची आणि तडवी कुटुंबांत सिकलसेल, म्हणजे लाल रक्तपेशींचा आकार विळ्यासारखा होणारा आनुवंशिक आजार, बराच आढळतो. केमोनंतर, म्हणजे कर्करोगाच्या पेशी मारणाऱ्या औषधांनंतर, पांढऱ्या पेशी वाढवण्यासाठी जी इंजेक्शने सर्रास दिली जातात, ती सिकलसेलच्या रुग्णाला गंभीर, क्वचित प्राणघातक ठरू शकतात. मुंबईच्या किंवा सुरतेच्या डॉक्टरांना ही शक्यता आपण होऊन सुचेलच असे नाही. पत्नीची सिकलसेल तपासणी झाली नसल्यास ती करून घ्यावी आणि तिला आजार असो वा ती केवळ वाहक असो, ते कार्ड फाईलच्या पहिल्या पानावर लावावे.

कोणी भगताकडे जाण्याचा आग्रह धरला, तर घरात भांडण उभे करू नये. पूजा होऊ द्यावी. मात्र जडीबुटी पोटात घेऊ नये, गाठीला डाग देऊ नये किंवा लेप लावू नये, आणि रुग्णालयाची तारीख पुढे ढकलू नये, या तीन अटींवर ठाम राहावे.

उपचार कोठे घ्यावेत

सुरुवात नंदुरबारच्या जिल्हा रुग्णालयातून किंवा तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून करावी. धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही जवळ आहे. तेथून संदर्भचिठ्ठी घेतल्यास पुढील कागदपत्रे सोपी होतात. त्यापुढे साधारण तीन वाटा उरतात.

- मुंबई: परळचे टाटा स्मारक रुग्णालय 1941 पासून कार्यरत आहे. तेथे सर्वसाधारण वर्गातील रुग्णांसाठी दर अत्यल्प असतात. गर्दी आणि प्रतीक्षा मोठी असते, त्यामुळे पहिल्या भेटीत काही दिवस राहण्याची तयारी ठेवावी.
- सुरत: सुरत–भुसावळ रेल्वेमार्गामुळे नवापूर आणि नंदुरबारच्या कुटुंबांना हे शहर सर्वांत सोयीचे वाटते. मात्र राज्य बदलते तेव्हा योजनेचे नियमही बदलतात. त्याविषयी पुढे स्पष्टीकरण आहे.
- नाशिक किंवा धुळे-जळगाव परिसर: केमोसारखे वारंवार घ्यावे लागणारे उपचार जवळ होत असतील, तर मोठ्या केंद्राने आखलेली योजना जवळच्या रुग्णालयात पार पाडता येते. ‘केमो आमच्या जवळ देता येईल काय?’ हा प्रश्न मोठ्या रुग्णालयात अवश्य विचारावा, कारण तो विचारला नाही तर बहुधा कोणी सुचवत नाही.

मुंबईत राहण्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळचे नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन ही दोन ठिकाणे वर्षानुवर्षे बाहेरगावच्या रुग्णांना आधार देत आली आहेत. जागा मर्यादित असल्याने रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाकडून पत्र घेऊन चौकशी करावी.

प्रवासाचा खर्च अनेक कुटुंबे विनाकारण पूर्ण भरतात. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णाला रेल्वेत शयनयान आणि वातानुकूलित तृतीय श्रेणीत पूर्ण भाडेमाफी असून, सोबतच्या एका व्यक्तीला त्याच श्रेणींत 75 टक्के सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाच्या डॉक्टरांनी ठरावीक नमुन्यात दिलेले प्रमाणपत्र आरक्षणाच्या खिडकीवर दाखवावे लागते. एस.टी.त तर 2023 पासून सर्वच महिलांना अर्धे तिकीट आहे.

खर्च आणि कागदपत्रे

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत योजना यांच्या एकत्रित अंमलबजावणीत महाराष्ट्रातील शिधापत्रिकाधारक कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण असून, कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमो आणि विकिरण हे तिन्ही उपचार तीत येतात. संलग्न रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ नावाचा योजनेचा कर्मचारी बसलेला असतो. दाखल होण्यापूर्वीच त्याला भेटावे, कारण उपचारांना आधी मंजुरी घ्यावी लागते आणि आपण भरलेले पैसे नंतर परत मिळवणे कठीण असते.

येथे सर्वाधिक अडचण नावांची होते. लग्नानंतर पत्नीचे नाव माहेरच्या शिधापत्रिकेतच राहिलेले असते, किंवा आधार कार्डावरील आणि शिधापत्रिकेवरील नावांत, वयांत फरक असतो. बायोप्सीचा अहवाल येण्याची वाट पाहत असतानाच तहसील कार्यालयातून ही दुरुस्ती सुरू करावी.

सुरतेला जाण्याचा विचार असल्यास एक भेद ध्यानात घ्यावा. आयुष्मान भारत योजनेच्या मूळ यादीतील कुटुंबांना इतर राज्यांतील संलग्न रुग्णालयांतही लाभ मिळू शकतो, परंतु केवळ महाराष्ट्राच्या योजनेखाली येणाऱ्या कुटुंबाला तो तेथे मिळेलच असे नाही. जाण्यापूर्वी 14555 या आयुष्मान भारतच्या क्रमांकावर आणि त्या रुग्णालयाच्या मदतकक्षात खात्री करून घ्यावी. योजनेत बसणाऱ्या उपचारासाठी कोणी पैसे मागितल्यास महाराष्ट्रातील 155388 या क्रमांकावर तक्रार करता येते.

योजनेबाहेरच्या खर्चासाठी पुढील मार्ग आहेत:

- मुख्यमंत्री सहायता निधीकडे अर्ज. सोबत रुग्णालयाचे खर्चाचे अंदाजपत्रक आणि उत्पन्नाचा दाखला जोडावा.
- धर्मादाय रुग्णालयांतील राखीव खाटा. कायद्याने अशा रुग्णालयांनी 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात.
- संजय गांधी निराधार अनुदान योजना. कर्करोगासारख्या आजाराने कमावण्यास असमर्थ झालेल्या, अत्यल्प उत्पन्न गटातील व्यक्तीला तहसील कार्यालयामार्फत दरमहा मदत मिळते.

जमीन गहाण ठेवणे किंवा मुकादमाकडून ऊसतोडीची उचल घेणे, हे निर्णय वरील वाटा तपासल्यानंतरच घ्यावेत. घेतलेली उचल फेडण्यासाठी नंतर पतीला घरापासून दूर जावे लागते आणि नेमक्या केमोच्या महिन्यांत रुग्ण एकटी पडते.

केमोच्या काळातील घर

केमो म्हणजे वेगाने वाढणाऱ्या पेशी मारणारी औषधे, जी बहुधा सलाईनमधून दर दोन किंवा तीन आठवड्यांनी, तर काही औषधे दर आठवड्याला देतात. ही औषधे कर्करोगाच्या पेशींबरोबर केसांची मुळे, तोंडाचे अस्तर आणि रक्त तयार करणारी अस्थिमज्जा यांनाही झळ पोहोचवतात. त्यामुळे केस जातात, तोंड येते आणि पांढऱ्या पेशी घटतात. केस बहुतेकींना उपचार संपल्यावर दोन-तीन महिन्यांत पुन्हा येऊ लागतात. लाल रंगाच्या औषधानंतर एक-दोन दिवस लघवी लाल होते. ते रक्त नसते, हे आधीच सांगून ठेवल्यास घरात घबराट होत नाही.

या संपूर्ण लेखातील एकच सूचना लक्षात ठेवायची झाल्यास ती तापाची ठेवावी. केमो सुरू असताना 100.4 अंश फॅरनहाइट (38 अंश सेल्सिअस) किंवा अधिक ताप आला, तर ती तातडीची वेळ असते. पांढऱ्या पेशी साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांदरम्यान सर्वांत कमी असतात आणि त्या काळात साधा वाटणारा जंतुसंसर्ग काही तासांत जिवावर बेतू शकतो. तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहणे ही सर्वांत घातक चूक होय. रात्र असो वा पाऊस, 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी आणि रुग्णालयात पोहोचताच पहिले वाक्य ‘हिची केमो चालू आहे’ हेच असावे, म्हणजे प्रतिजैविके विनाविलंब सुरू होतात. अक्राणी किंवा अक्कलकुव्याच्या दुर्गम पाड्यावरील, विशेषतः नर्मदाकाठच्या जेथे होडीशिवाय वाट नाही अशा गावांतील कुटुंबांनी केमोचे महिने शक्य तर धडगाव, मोलगी, तळोदा किंवा नंदुरबारला नातेवाइकांकडे काढावेत. घरी तापमापक आणून तो वाचायला शिकावे; कपाळाला हात लावून ताप मोजला जात नाही.

जेवणाच्या बाबतीत पथ्यांचे अवडंबर माजवू नये. डाळ, अंडी, मासे, चिकन, उकडलेली कडधान्ये, ज्वारी किंवा मक्याची मऊ भाकरी, भगर, जे रुचेल ते थोडे थोडे, दिवसातून पाच-सहा वेळा द्यावे. प्रथिने कमी पडू देऊ नयेत. तोंड आलेले असताना मिरची आणि आमचूर बाजूला ठेवून, मीठ व खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने गुळण्या करायला लावाव्यात. पाणी उकळून द्यावे, आणि उघड्यावरचे व शिळे अन्न टाळावे. वेगळे ताट, वेगळे अंथरूण यांची मुळीच गरज नाही. हा आजार स्पर्शाने, जेवणाने किंवा शेजारी झोपल्याने पसरत नाही. केमोनंतर सुमारे दोन दिवस लघवी, उलटी यांत औषधाचा अंश असतो, म्हणून ते साफ करताना हातमोजे घालावेत, इतकेच.

घरकामाची विभागणी येथे स्पष्ट शब्दांत सांगणे भाग आहे. केमो घेतलेली स्त्री तिसऱ्या दिवशी हंडे वाहताना आणि चुलीपुढे बसलेली दिसते, आणि पती तिच्याविषयी मनापासून चिंता करीत ओट्यावर बसलेला असतो, हे चित्र दुर्मिळ नाही. पाणी भरणे, सरपण आणणे, भाकरी करणे, धुणे आणि मुलांची शाळा ही पाच कामे पतीने आपल्याकडे घ्यावीत. न जमल्यास कोणते काम सासू, नणंद किंवा थोरली मुलगी करील हे ठरवावे. मात्र सर्व भार मुलीवर टाकून तिची शाळा बंद करू नये.

सण आणि हंगामही आधीच मांडून घ्यावेत. काठीची होळी, सारंगखेड्याची यात्रा किंवा कापसाची वेचणी यांच्या आड एखादी तारीख येत असल्यास, ती परस्पर टाळण्याऐवजी डॉक्टरांना सांगावे. दोन-चार दिवसांची सोय ते ठरवू शकतात, आपण ठरवू नये.

शस्त्रक्रिया: निर्णय कोणाचा

स्तन पूर्ण काढणे आणि केवळ गाठ व तिच्याभोवतीचा भाग काढून स्तन वाचवणे, असे दोन पर्याय असतात. गाठीचा आकार योग्य असेल आणि त्यानंतर विकिरण घेतले जाणार असेल, तर दोन्ही पर्यायांत जगण्याची शक्यता सारखीच असते, हे दीर्घकाळ चाललेल्या अभ्यासांनी दाखवले आहे. म्हणून ‘सगळे काढून टाका, म्हणजे काळजी नको’ असे पतीने परस्पर सांगणे योग्य नव्हे. विकिरणासाठी शहरात राहता येणार नाही म्हणून एखादी स्त्री पूर्ण स्तन काढण्याचा पर्याय निवडू शकते. तोही तिचाच निर्णय असावा, आणि त्यानंतरही काहींना विकिरण लागते हे तिला आधी ठाऊक असावे.

कायद्याच्या दृष्टीने सज्ञान, शुद्धीवर असलेल्या स्त्रीची संमती तिने स्वतः द्यावयाची असते. पतीची सही तिची जागा घेऊ शकत नाही. तिच्या हक्कांपैकी पुढील हक्क व्यवहारात सर्वांत उपयोगी पडतात:

- आजार, उपचार, दुष्परिणाम आणि खर्च तिला समजेल अशा भाषेत ऐकण्याचा हक्क. ती भिली, पावरी किंवा मावची बोलत असेल, तर पतीने भाषांतर करताना काही गाळू नये. शक्य तर तिची बहीण किंवा आशा कार्यकर्ती सोबत असावी.
- पुरुष डॉक्टर तपासत असताना स्त्री कर्मचारी उपस्थित असण्याचा हक्क.
- दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्याचा आणि मागणी केल्यापासून 72 तासांत कागदपत्रांच्या प्रती मिळण्याचा हक्क.

शस्त्रक्रियेनंतर काखेजवळ एक नळी आणि पिशवी असते, जिला ड्रेन म्हणतात. पिशवीतील पाणी रोज ठरलेल्या वेळी मोजून वहीत लिहिणे हे काम पतीने शिकून घ्यावे, कारण ते प्रमाण कमी झाल्यावरच नळी काढतात. काखेतील गाठी काढल्यास हाताला कायमची सूज येण्याचा संभव असतो. तो कमी करण्यासाठी सांगितलेले खांद्याचे व्यायाम रोज करून घ्यावेत, त्या हाताला काटा, चटका किंवा विळ्याची जखम होऊ देऊ नये, आणि सुई टोचण्यासाठी शक्यतो दुसरा हात पुढे करावा.

विकिरण, ज्याला रुग्ण ‘शेक’ किंवा ‘लाईट’ म्हणतात, सहसा आठवड्यातून पाच दिवस असे तीन-चार आठवडे चालते. रोजचा वेळ काही मिनिटांचाच असतो, पण एवढे दिवस शहरात राहावे लागते. यंत्रातून बाहेर आलेल्या स्त्रीच्या शरीरात किरण उरत नाहीत. तान्ह्या मुलालाही तिच्याजवळ जाता येते.

पती-पत्नीमधील जवळीक

याविषयी रुग्णालयात फारसे कोणी बोलत नाही, म्हणून येथे थोडे अधिक बोलणे उचित ठरेल. स्तन गमावलेली स्त्री पहिल्यांदा व्रण पाहते तेव्हा, तिची इच्छा असल्यास, पती शेजारी असावा आणि त्याने नजर वळवू नये. ‘आता काय फरक पडतो’ हे सांत्वन तिच्या दुःखाला खोटे ठरवते. तिला रडू द्यावे. ब्लाउजमध्ये ठेवण्याचा कापडी किंवा सिलिकॉनचा कृत्रिम स्तन मिळतो, त्याची चौकशी पतीने स्वतः करावी.

उपचारांच्या काळात शरीरसंबंध निषिद्ध नाहीत. तिची इच्छा आणि शक्ती हीच मर्यादा. मात्र गर्भधारणा टाळणे अनिवार्य आहे. निरोध वापरावा, गर्भनिरोधक गोळ्या, ज्यांत संप्रेरके असतात, वापरू नयेत. पुढे मूल हवे असल्यास हा विषय केमो सुरू होण्यापूर्वीच डॉक्टरांपुढे काढावा, कारण केमोनंतर पाळी कायमची थांबू शकते.

आजारी पत्नीला ‘विश्रांतीसाठी’ माहेरी पाठवून तिची विचारपूस बंद करण्याची रीत काही घरांत आहे. तिने स्वतः मागितलेले माहेरपण ही वेगळी गोष्ट. परंतु तिला घराबाहेर काढणे हा अन्याय तर आहेच, शिवाय कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, 2005 नुसार तिला सासरच्या घरात राहण्याचा हक्क आहे. अशा वेळी तिने किंवा तिच्या भावाने 181 या महिला मदतवाहिनीवर बोलावे.

आजार पसरलेला असल्यास

हाडे, यकृत किंवा फुप्फुसापर्यंत पोहोचलेला आजार सहसा पूर्ण बरा होत नाही, परंतु औषधांनी अनेकदा काही वर्षे आटोक्यात राहतो. अशा वेळी प्रत्येक उपचारापूर्वी ‘याने हिला काय मिळेल आणि काय सोसावे लागेल?’ असे विचारावे. वेदनेसाठी डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या दिल्यास व्यसनाच्या भीतीने त्या लपवून ठेवू नयेत. कर्करोगाच्या वेदनेत ठरलेल्या वेळी घेतलेले हे औषध रुग्णाला झोप आणि बोलण्याची शक्ती परत देते. निदान तिच्यापासून लपवण्याचा मोह होतो, पण तिला बहुधा ते कळलेलेच असते आणि लपवल्याने ती अधिक एकटी होते.

उपचार संपल्यानंतर

पहिली तीन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी, नंतर पाचव्या वर्षापर्यंत सहा ते बारा महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा तपासणी, तसेच उरलेल्या स्तनाची दरवर्षी मॅमोग्राफी, असा साधारण क्रम असतो. पाठ किंवा कंबर सतत दुखणे, न थांबणारा खोकला, व्रणाजवळ नवी गाठ यांपैकी काही दिसल्यास पुढच्या तारखेची वाट पाहू नये.

घरातील इतर स्त्रियांची तपासणीही याच वेळी करून घ्यावी. मुंबईतील वस्त्यांमध्ये 1998 पासून टाटा स्मारक रुग्णालयाने सुमारे दीड लाख स्त्रियांवर केलेल्या आणि 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने केलेल्या स्तनतपासणीमुळे आजार लवकरच्या टप्प्यात सापडतो आणि पन्नाशीपुढील स्त्रियांचे मृत्यू घटतात असे दिसून आले. शासकीय कार्यक्रमात तिशीपुढील स्त्रियांना ही तपासणी विनामूल्य मिळते, आणि आशा कार्यकर्तीला सांगितल्यास ती वेळ कळवते. निदान तरुण वयात झाले असेल किंवा माहेरी आणखी कोणाला हा आजार झाला असेल, तर आनुवंशिक चाचणीविषयी डॉक्टरांना विचारावे.

ईआर किंवा पीआर सकारात्मक असलेल्या स्त्रीला टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोलसारखी रोजची एक गोळी किमान पाच, कधी दहा वर्षे घ्यावी लागते. या गोळीने काही बरे वाटल्याचे जाणवत नाही, म्हणूनच ती अनेकदा सुटते. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर निघण्यापूर्वी किमान तीन महिन्यांच्या गोळ्या घ्याव्यात, त्यांची चिठ्ठी व अहवालांच्या प्रती प्लास्टिकच्या पिशवीत ठेवाव्यात, मूळ फाईल गावीच विश्वासू माणसाकडे द्यावी, आणि परतीची तारीख मुकादमाच्या हिशेबाबरोबरच पुढच्या तपासणीच्या तारखेवरूनही ठरवावी.